एक टेबल इतिहासाला

कळसाडी कुठं आहे हे सरकारला चांगलं ठाऊक आहे. जनगणनेच्या तक्त्यात शहादा तालुक्याखाली ते सापडतं, मतदार यादीत सापडतं, सातबाऱ्याच्या डोक्यावर सापडतं. माणसं किती, घरं किती, हेक्टर किती, सगळं मांडून ठेवलेलं आहे. पण गावाला हे नाव कसं पडलं, कुठली विहीर कोणी खणली, बाहत्तरच्या दुष्काळात इथली माणसं खडी फोडायला कुठल्या कामावर गेली, असं विचारायचं झालं की कागद बाजूला ठेवून कोणाचा तरी ओटा गाठावा लागतो. त्या ओट्यावरची माणसं आता मोजकी उरली आहेत. बाहत्तर साली जो विशीत होता, तो आज पंचाहत्तरीला टेकला आहे. पुढच्या दहा वर्षांत हा ओटा रिकामा होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आणि नेमक्या याच वेळी आपण एक गोष्ट हातची घालवतो आहोत: विद्यार्थ्यांच्या इतिहास संशोधन स्पर्धा.

‘स्पर्धा’ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं ते मला माहीत आहे. शिवजयंतीला पाठ केलेलं भाषण, नाहीतर फेटा बांधून आणलेली वेशभूषा. नाहीतर प्रश्नमंजुषा: पानिपतची तिसरी लढाई कोणत्या साली? घंटा वाजवा, गुण घ्या. यात वाईट काही नाही, पण यात शोधायचं काही नसतं. उत्तर आधीच कोणाच्या तरी खिशात असतं. संशोधन स्पर्धेत उत्तर कोणाच्याच खिशात नसतं, परीक्षकाच्याही नाही. तिथं मूल जातं, विचारतं, लिहून घेतं, दुसऱ्याकडून ताडून पाहतं आणि मग आपलं म्हणणं मांडतं. परीक्षकाचा पहिला प्रश्न असतो, ‘तुला हे कोणी सांगितलं?’ आणि दुसरा, ‘त्यांना कसं ठाऊक?’ इतिहास नावाचा विषय या दोन प्रश्नांवर उभा आहे. बाकी सनावळी.

विज्ञानाचं आपण किती छान लावून दिलं आहे बघा. दरवर्षी तालुक्याला विज्ञान प्रदर्शन भरतं, तिथून जिल्ह्याला, तिथून राज्याला. इन्स्पायर योजनेत निवडलेल्या मुलाला कल्पना उभी करायला १०,००० रुपये मिळतात. धडगावच्या डोंगरातलं पोरही ठिबकचं मॉडेल घेऊन नंदुरबारला येतं आणि कोणाला नवल वाटत नाही. इतिहासाला अशी शिडीच नाही. महाविद्यालयात गेल्यावर ‘आविष्कार’ आहे; राज्यपालांच्या कार्यालयाच्या पुढाकारानं २००६ पासून विद्यापीठांमध्ये होणारी ही संशोधन स्पर्धा. तिथंही इतिहास भाषा आणि कलांबरोबर एकाच गटात दाटीवाटीनं बसतो. शाळेच्या पातळीवर मग उरतं काय? कुठंतरी एखादे सर, एखाद्या बाई, एखादं वाचनालय स्वतःच्या हौशीनं ‘माझ्या गावाचा इतिहास’ अशी स्पर्धा चालवतात. सरांची बदली झाली की स्पर्धेचीही बदली होते, फक्त ती पुढच्या शाळेत हजर होत नाही.

अशाच एका स्पर्धेला मी परीक्षक म्हणून गेलो होतो. निम्म्याहून अधिक वह्यांत रायगडाचं तेच चित्र, स्टेशनरीच्या दुकानातल्या तक्त्यातून कापलेलं, खाली तेच दोन परिच्छेद. एका वहीत मात्र चित्र नव्हतं. मुलीनं आपल्या फळीतल्या, म्हणजे वस्तीतल्या पिठाच्या चक्कीबद्दल लिहिलं होतं: ती आली तेव्हा कोणत्या बायकांनी दळण नेलं, कोणाच्या सासूनं नेऊ दिलं नाही, आणि पहाटेचे जे दोन तास सुटले त्यांचं बायकांनी काय केलं. शुद्धलेखन यथातथाच. मी तिला पहिला नंबर दिला. दोन वर्षांनी त्याच शाळेत गेलो आणि वही मागितली, तर कपाट रिकामं करताना सगळे प्रकल्प रद्दीत गेले होते. किलोच्या भावानं. शाळेचं नाव सांगत नाही, कारण तशा शाळा पुष्कळ आहेत.

या चक्कीवाल्या वहीचं मोल काय, असा प्रश्न कोणाला पडला असेल तर त्याला अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या युनियनटाउनला नेऊन आणतो. गाव एवढंसं, आपल्याकडे एका फळीत मावेल. तिथं १९९९ साली नॉर्मन कोनार्ड नावाच्या शिक्षकानं ‘नॅशनल हिस्टरी डे’ या स्पर्धेसाठी मुलींना एक जुनं कात्रण दिलं. त्यात इरेना सेंडलर या पोलिश बाईनं वॉर्साच्या ज्यू वस्तीतून २,५०० मुलं वाचवल्याचा ओझरता उल्लेख होता. गुरुजींना वाटलं, छापताना शून्य जास्त पडलं असावं, २५० असतील. शोधा, म्हणाले. मुलींनी शोधलं, तर आकडा छपाईची चूक नव्हता, आणि बाई जिवंत निघाल्या, वॉर्सातच. पत्रव्यवहार झाला, मुलींनी नाटक बसवलं, पुढं प्रत्यक्ष भेट झाली. बाहेरच्या जगानं जिचं नाव फारसं ऐकलं नव्हतं, ती बाई त्या खेडेगावच्या शाळकरी मुलींमुळं जगाला कळली. अशा स्पर्धेला लागतो तो एक शिक्षक, जो म्हणतो, ‘मला माहीत नाही, शोधून सांग.’

आता घरी येऊ. शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात शोधण्यासारखं काय आहे, असं कोणी म्हणालं तर मला हसू येतं. प्रकाशा आपल्याच तालुक्यात आहे. गोमाई जिथं तापीला मिळते तिथं १९५५ साली बी. के. थापर यांनी उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थरावर थर निघाले. भारतभरच्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत प्रकाशाचं नाव आहे. आपली मुलं तिथं जातात ती केदारेश्वराचं दर्शन घ्यायला. दर्शन घ्यावंच, पण पायाखाली काय आहे हेही कोणी सांगावं. तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे गुलाम महाराज घ्या. १९३८ च्या सुमारास या माणसानं हजारो आदिवासींना दारू सोडायला लावली, एकमेकांना ‘आप’ म्हणायला शिकवलं. ज्या समाजाला सगळे अरेतुरे करत होते, त्यानं आपसात ‘आप’ म्हणणं ही केवढी उलथापालथ होती! महाराजांच्या आरतीला आपलं कोण गेलं होतं, घरातली दारूची भांडी तेव्हा फुटली का, पुन्हा केव्हा आली? हे एका घरात विचारलं तर आठवण होते, वीस घरांत विचारलं तर इतिहास होतो.

नंदुरबारच्या शिरीषकुमारचं नाव जिल्ह्यातल्या पहिलीच्या पोरालाही येतं. ९ सप्टेंबर १९४२ ला मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि हा शाळकरी मुलगा पडला. पण त्या दिवशी पाच जण गेले. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. या चौघांबद्दल चार-चार ओळी सांगू शकेल असा विद्यार्थी किती शाळांत सापडेल? आपण दरवर्षी प्रभातफेरी काढतो, हार घालतो, आणि त्या वयाच्या मुलांना त्यांच्याच वयाच्या मुलांबद्दल काही शोधायला सांगत नाही.

मग नर्मदा. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. तिथली किती तरी कुटुंबं उठून तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर, वसाहतींत आली. त्या वसाहतीत जन्मलेलं पोर आज आपल्याच पोरांच्या शेजारी बाकावर बसतं. त्याच्या आजोबांचं गाव पाण्याखाली आहे. नकाशावर बोट ठेवायला जागा नाही. नंदिनी ओझा यांनी निमगव्हाणच्या केशवभाऊ वसावे यांच्यासारख्या, धरणाविरुद्ध लढलेल्या जुन्या कार्यकर्त्यांना बोलतं करून ‘लढा नर्मदेचा’ हे पुस्तक केलं, म्हणून निदान काही आवाज राहिले. पण आजोबांसमोर कागद ठेवून, ‘आजा, घर कुठं होतं, नदी कुठं, देव कुठं, महूची झाडं कुठं, काढून दाखव,’ असं म्हणणं हे नातवाचंच काम आहे. तो नकाशा दुसरं कोणी काढून घेऊ शकणार नाही. आणि आजोबा पावरीत, भिलीत सांगतील. सांगू द्या. तसंच लिहून घेऊ द्या, देवनागरीत लिहिता येतं. ‘प्रमाण मराठीतच लिहा’ ही अट घातली की अर्धा इतिहास दारातच अडतो.

इथवर सगळ्यांनी माना डोलावल्या असतील. आता अवघड भाग.

शहादा तालुक्याचा इतिहास म्हटलं की सालदारकी येते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर मालकाच्या शेतात राबणं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरायचं, उचल घ्यायची, आणि ती फिटता फिटता पुढची आखाजी उभी राहायची. १९७१ साली पाटीलवाडीला आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भूमुक्तीचा मेळावा झाला, त्यातून श्रमिक संघटना उभी राहिली, पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती तिचे पुढारी. १९७४ साली तो तरुण गेलाही. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी १९७६ मध्ये या चळवळीवर इंग्रजीत प्रदीर्घ लेख लिहिला. या चळवळीत दारूचे अड्डे फोडणाऱ्या आपल्या बायकांबद्दल परदेशातल्या विद्यापीठांत वाचलं जातं. आपल्या वर्गात मात्र हा विषय काढायला सर दबकतात. कारण साधं आहे. मालकाचा नातू आणि सालदाराचा नातू एकाच बाकावर बसतात.

मला विचाराल तर नेमक्या याच कारणासाठी स्पर्धा हवी. दोघांना एका गटात घाला. एकानं आपल्या आजोबांना विचारावं, दुसऱ्यानं आपल्या. सालदाराला ज्वारी किती पायली मिळायची, चपला-घोंगडी मिळायची का, रात्री पाणी द्यायला कोण जायचं? मालकाला त्या वर्षी कापसाचा भाव काय मिळाला, सोसायटीचं कर्ज किती होतं? दोन्ही उत्तरं एका वहीत शेजारी शेजारी लिहा. भांडण होईल म्हणता? गावात भाषणांनी भांडणं होतात. ‘किती पायली?’ या प्रश्नानं भांडण झाल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. म्हातारी माणसं आकडे आठवायला लागली की राग मागं पडतो आणि डोळे बारीक होतात.

हे सोपं आहे असा माझा दावा नाही. जर्मनीत १९७३ पासून राष्ट्राध्यक्षांच्या नावानं शाळकरी मुलांची इतिहास स्पर्धा चालते. गुस्ताव हाइनेमान हे तेव्हाचे अध्यक्ष आणि कुर्ट केर्बर हे उद्योजक, या दोघांनी ती सुरू केली. १९८० च्या सुमारास स्पर्धेचा विषय होता, नाझी काळातलं रोजचं जगणं. पासाऊ शहरातल्या आना रोसमुस या मुलीनं आपल्याच गावाबद्दल विचारायला सुरुवात केली, आणि ज्या प्रतिष्ठितांनी नाझींना विरोध केला असं सगळे समजत होते, त्यांच्या फायली निराळंच बोलायला लागल्या. गाव तिच्यावर उलटलं. फायली मिळवायला तिला कोर्टात जावं लागलं. पुढं तिच्यावर सिनेमा निघाला. तरी जर्मनांनी स्पर्धा बंद केली नाही, हे लक्षात घ्या. बंद केली ती रशियात. ‘मेमोरियल’ ही संस्था १९९९ पासून तिथल्या मुलांसाठी अशी स्पर्धा घेत होती. गावोगावची पोरं आजीला स्टालिनच्या काळाबद्दल विचारत होती. २०२१ च्या डिसेंबरात न्यायालयाच्या हुकुमानं ती संस्थाच बरखास्त झाली. आणि ज्या ‘नॅशनल हिस्टरी डे’नं इरेनाबाई शोधून दिल्या, त्या १९७४ पासूनच्या स्पर्धेचं केंद्रीय अनुदान २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सरकारनं एका फटक्यात रद्द केलं. तिथं लोकांनी वर्गणी काढून ती तगवायची खटपट केली. आपल्याकडे रद्द करायला अनुदानही नाही. आपली स्पर्धा कोणी हुकूम काढून मारत नाही, ती नुसती विसरली जाते. म्हणून ओरडावं लागतं.

कोणी म्हणेल, हे सगळं हौसेचं झालं, पोटाचं काय? पोटाचंच सांगतो. वनहक्क कायद्याचे दावे आपल्या जिल्ह्यात किती घरांनी भरले हे सांगायला नको. त्या कायद्याच्या नियमांत पुराव्यांच्या यादीत एक पुरावा असा आहे: दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचा जबाब, लिहून काढलेला. म्हणजे म्हाताऱ्याची आठवण नीट लिहून घेतली तर सरकार ती पुरावा मानतं. नीट म्हणजे कशी? कोणी सांगितलं, वय काय, त्यानं स्वतः पाहिलं की ऐकलं, जागा कोणती. शाळेतल्या स्पर्धेत सातवीची मुलगी हेच शिकते. २०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायला सगळं प्रशासन कामाला लागलं, तेव्हा काय उघडलं गेलं आठवा. कोतवाल बुकं, शाळांची जनरल रजिस्टरं, मोडीतली बाडं. एरवी ज्यांना कसर लागत होती त्या कागदांपुढं रांगा लागल्या, आणि मोडी वाचणारा माणूस गावोगाव शोधावा लागला. जातपडताळणीच्या खिडकीशी उभं राहिलेल्या बापाला विचारा, आजोबांच्या शाळेच्या दाखल्याची किंमत काय ती.

शिक्षकांची अडचण मी जाणतो. मतदार यादी त्यांनीच करायची, सर्वेक्षण त्यांनीच करायचं, पोषण आहाराच्या खिचडीचा हिशेब त्यांनीच ठेवायचा, आणि वर हा लेखक म्हणतो स्पर्धा घ्या. पण नवं काही करायला मी सांगतच नाही. दहावीला सामाजिक शास्त्रांचे २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आहेतच. दहावीचं पुस्तक तर ‘उपयोजित इतिहास’ आणि ‘ऐतिहासिक ठेव्यांचे जतन’ असे धडे घेऊन बसलं आहे. प्रकल्प द्यावाच लागतो, मुलांना करावाच लागतो. आता तो मोबाईलला विचारून दोन मिनिटांत होतो. ताजमहालावर द्या, मोबाईल पानंच्या पानं ओकेल. कळसाडीच्या विहिरीवर द्या. बिचारा गप्प बसेल, नाहीतर थापा मारील, आणि थाप पकडायला परीक्षक नको, आजी पुरे.

तेव्हा मागणं थोडंच आहे, पण ते नाव घेऊन मागतो.

मुख्याध्यापकहो, येत्या तालुका विज्ञान प्रदर्शनात मांडव तोच, दिवस तोच, जेवण तेच. फक्त एक टेबल इतिहासाला द्या. एका शाळेची एक वही. गटशिक्षणाधिकारी साहेबांनी पत्रकात तेवढी एक ओळ घालावी. नियम तीनच असू द्या: मुलानं निदान तीन माणसांना प्रत्यक्ष भेटलेलं असावं, सांगणाऱ्याचं नाव त्याच्या परवानगीनं लिहिलेलं असावं, आणि मजकूर मुलाच्या अक्षरात असावा. शुद्धलेखनाचे गुण कापू नका. गावातल्या पतसंस्थेनं, दूध डेअरीनं, सुरतेला जाऊन चार पैसे मिळवलेल्या पोरांनी बक्षिसाचा भार उचलावा. ढाल-तलवारीची ट्रॉफी नको, एखादा शब्दकोश नाहीतर आवाज मुद्रित करायचं साधं यंत्र द्या. सरपंचांना एवढंच, की जिंकलेली आणि न जिंकलेली प्रत्येक वही ग्रामपंचायतीच्या कपाटात राहावी. कुलूप असलेल्या. किलोच्या भावाचं मी वर सांगितलंच आहे.

आणि एक प्रत धुळ्याला पाठवा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे धुळ्यालाच वारले, ३१ डिसेंबर १९२६ रोजी. त्याच्या पुढच्याच वर्षी तिथं त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. हा माणूस पायी गावोगाव फिरला, माळ्यावरची दप्तरं मागून आणली, वाण्याच्या पुड्यांत जाणारे कागद वाचवले आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंडांवर खंड छापले. राजवाड्यांना जाऊन २०२६ च्या ३१ डिसेंबरला शंभर वर्षं होतात. सभा होतील, पुतळ्याला हार पडतील. नंदुरबार-धुळ्याच्या शाळांनी त्या दिवशी शंभर वह्या नेऊन मंडळाच्या दारात ठेवल्या, तर म्हातारा खूश होईल. खूश होणं त्याच्या स्वभावात कमीच होतं, तरीही.

पोरांनो, तुम्ही सरांच्या सूचनेची वाट बघू नका. शंभर पानी वही घ्या. प्रश्न आधी लिहून न्या, पण ते वाचून दाखवू नका, नाहीतर समोरच्याला वाटेल तलाठी आला. आजी एकच गोष्ट तीनदा सांगेल. तिन्ही वेळा ऐका, तिसऱ्या वेळी नवीन नाव निघतं. एकटं न जाता दोघं जा, एकानं विचारायचं, एकानं लिहायचं. फोटो काढायचा तर विचारून. आणि दुपारी जाऊ नका, त्या वेळी म्हातारी माणसं आडवी झालेली असतात. दिवेलागणीच्या थोडं आधी जा, ऊन उतरल्यावर, ओट्यावर.